आधी मूळपदावर, मग मनासारखी

सेकंडहँड नेकेड बाइक घेतली की पहिल्या आठवड्यातच माणूस माझ्या गॅरेजमध्ये येतो आणि त्याच्या मोबाइलमध्ये एक यादी असते. आफ्टरमार्केट सायलेन्सर, हँडलच्या टोकाला लावायचे आरसे, रंगीत सीएनसी लिव्हर, मागचा मडगार्ड काढून त्याजागी छोटी नंबरप्लेटची पट्टी, पांढराशुभ्र एलईडी बल्ब. क्रम मागेपुढे होतो, यादी साधारण हीच. मी ती शेवटपर्यंत वाचतो, कारण त्या यादीत गाडी घेतल्याचा आनंद असतो आणि त्या आनंदाची मला किंमत आहे. मग मी एकच मागणी करतो, ‘गाडी एक दिवस माझ्याकडे ठेवा. आधी मी तिला बघतो, मग आपण दोघं मिळून यादी बघू.’

पुण्यात दुचाकींचं काम करता करता माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. वापरलेल्या गाडीचं पहिलं अपग्रेड म्हणजे तिला मूळपदावर आणणं. कारखान्यातून निघाली तेव्हा ती जशी थांबायची, जशी वळायची, जसा उजेड पाडायची, तशी पुन्हा झाली की मगच तिच्यात भर घालण्याला अर्थ आहे.

माझ्याकडे येणाऱ्या नेकेड गाड्यांत २०१२ साली आलेली पल्सर २०० एनएस आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या असतात, २०१३ पासूनच्या ३९० ड्यूक असतात, अलीकडे एमटी-१५ही दिसायला लागल्या. ड्यूक तर इथेच चाकणला बनते. या गाड्या नव्या होत्या तेव्हा ज्यांना परवडल्या नाहीत, त्यांच्या हाती त्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकीच्या होऊन येतात. पहिली नोकरी लागलेला मुलगा, रात्रपाळी करणारी नर्स, घराचे हप्ते फेडून जरा मोकळा श्वास घेणारा पन्नाशीचा माणूस. नेकेड बाइकला पुढून फेअरिंग नसतं. इंजिन, रेडिएटर, फ्रेम, हँडल सगळं समोर. पान्हा कुठेही पोचतो, म्हणून या गाड्यांमध्ये बदल करण्याचा मोह सगळ्यात जास्त आणि आधीच्या मालकानं त्या मोहापायी काय काय केलं, तेही बघणाऱ्याला लगेच दिसतं.

मी सुरुवात टायरपासून करतो. टायरच्या बाजूच्या भिंतीवर एका लंबगोल चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ लिहिलं असेल तर तो टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. कमी चाललेली गाडी म्हणून आनंदानं घेतलेल्या कितीतरी गाड्यांचे टायर असे निघतात. नक्षी छान खोल, पण रबर कडक आणि भिंतीवर बारीक चिरा. उन्हातान्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर न चालताही म्हातारं होतं. अशा टायरवर पावसाळ्यात ताम्हिणीच्या वळणावर ब्रेक दाबला, तर समोर कोणती डिस्क बसवली आहे याला काही अर्थ उरत नाही. टायर बदलताना मापही मूळचंच घ्यावं. मागचा टायर जाड दिसावा म्हणून पुष्कळजण एक-दोन मापं वरचा मागतात. रिम तीच राहते, त्यामुळे टायर कडेनं आत दाबला जातो, त्याची गोलाई बदलते, गाडी वळायला जड होते आणि कधी चेन टायरला घासते. हे मी गिऱ्हाइकाला तोंडी सांगत नाही. जुना आणि नवा टायर शेजारी उभे करून गोलाईवर हात फिरवायला लावतो. हाताला कळलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

मग ब्रेक. डिस्क ब्रेकच्या डब्यातलं ऑइल नवीन असताना फिकट सोनेरी दिसतं, जुनं झालं की चहासारखं काळपट होतं. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओल धरली की तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईला येताना ब्रेक सतत दाबलेला असतो, कॅलिपर तापतो, आणि ओल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे धरले की लिव्हर हातात मऊ पडतो. उतारावर, वळणावर, मागं माणूस बसलेलं असताना. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलायचं असतं, आणि सेकंडहँड गाडीत शेवटचं कधी बदललं हे कुणालाच माहीत नसतं, तेव्हा ते पहिल्या दिवशीच बदलायचं. या कामाचा खर्च यादीतल्या सगळ्यात स्वस्त वस्तूइतकाही नसतो. दिसत मात्र काहीच नाही, म्हणून ते कुणी मागत नाही. मागितलं नाही तरी ते सुचवणं माझं काम आहे असं मी मानतो.

चेन आणि स्प्रॉकेट पाहताना दातांचा आकार बघतो. दात एका बाजूला झुकून टोकदार झाले असतील तर चेन-सेट पूर्ण बदलावा लागतो. नुसती चेन नवी घातली तर जुने दात ती लवकर खातात. आधीच्या मालकानं पुढचं स्प्रॉकेट बदललेलं आहे का, तेही मोजून बघतो. पंधराच्या जागी चौदा दात बसवले की गाडी उचल घेते, पण त्याच वेगाला इंजिन सुमारे सात टक्के जास्त फिरतं. शहरात मजा येते, साताऱ्याच्या रस्त्यावर तासभर चालवली की हातापायांत मुंग्या येतात. नव्या मालकाला वाटतं, या गाडीचा स्वभावच असा असेल.

पुढची चाचणी कोनसेटची, म्हणजे हँडलच्या बेअरिंगची. पुढचं चाक उचलून हँडल हळूच फिरवलं की बरोबर मध्यावर एक खाच जाणवते का, ते बघायचं. खड्ड्यांतून चाललेल्या गाडीत ती हमखास असते. पुढच्या फोर्कवर तेलाचा ओला पट्टा असेल तर सील गेलं. ते तेल ओघळत ब्रेकपॅडवर आलं तर पॅडही गेले. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचं पाणी घातलेलं असतं, त्याचा पांढरट थर आत धरतो. पुण्याच्या वाहतुकीत पंखा सतत चालू राहतो आणि ‘गाडी गरम होते’ ही तक्रार तिथून येते. बॅटरी गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या वर आणि इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा दाखवते का, हे मीटर लावून बघितलं की अर्ध्या विजेच्या तक्रारींचं मूळ सापडतं.

आणि मग वायरिंग. माझा सगळ्यात जास्त वेळ इथं जातो. सीट काढली की आधीच्या मालकाचा सगळा इतिहास समोर येतो. कधीकाळी लावलेल्या निळ्या पट्टीचे दोन तुटके वायर, अलार्मचा काढून टाकलेला डबा, मोठ्या हॉर्नसाठी फ्यूज न लावता थेट बॅटरीवरून ओढलेली लाइन, पिळून वर नुसती टेप गुंडाळलेले जोड. पावसाळ्यात अशा जोडात पाणी जातं, तांबं हिरवं पडतं आणि गाडी हिंजवडीच्या पुलाखाली बंद पडते. मी ते सगळं मूळ हार्नेसपर्यंत सोडवत नेतो. जे जोड ठेवायचे ते सोल्डर करून आकसणाऱ्या नळीनं बंद करतो. हे काम झालं की गाडी बाहेरून होती तशीच दिसते, पण मला स्वतःला याच कामानं सगळ्यात जास्त समाधान मिळतं.

माझ्या या मताला एका नर्सताईंच्या गाडीनं फार स्पष्ट रूप दिलं. त्या हडपसरच्या पलीकडून रात्रपाळीला यायच्या. गाडी जुन्या वळणाची, हॅलोजन हेडलाइटवाली. त्यांना एलईडी बल्ब हवा होता. ‘काका, समोर काही दिसतच नाही. सोसायटीतल्या मुलानं बसवलाय, त्याचा उजेड कसला पांढरा पडतो,’ त्या म्हणाल्या. मागणी अगदी रास्त होती. मात्र हॅलोजनसाठी बनवलेला रिफ्लेक्टर त्या बल्बच्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. उजेडाचा उगम तिथून जरा हलला तरी झोत फुटतो. एलईडी बल्ब घातला की समोरची भिंत झगझगीत होते आणि रस्ता मात्र लांबवर अंधारात राहतो, शिवाय समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

मी मीटर बॅटरीला लावून बघितलं, मग बल्बच्या टोकाला. मध्ये दीड व्होल्टच्या आसपास गळत होते. जुने स्विच, जुने जोड, बारीक वायर. एवढ्या गळतीनं हॅलोजनचा उजेड बराच खाली जातो. बॅटरीवरून फ्यूजसह जाड वायर घेतली, मध्ये रिले बसवला, स्विचवर फक्त रिले चालवण्याचं काम ठेवलं. काचेवरची पिवळट साय पॉलिश केली, चांगला ६०/५५ वॅटचाच बल्ब घातला आणि गाडीवर त्यांना बसवून भिंतीसमोर झोताची उंची लावली. रिकाम्या गाडीवर लावलेली उंची माणूस बसल्यावर बदलते, म्हणून त्यांना बसवणं गरजेचं होतं. पुढं त्या भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘काका, आता खड्डा आधी दिसतो.’ माझ्या कामाला मिळालेली यापेक्षा मोठी पावती मला आठवत नाही. ज्यांना घाटात, गावाकडच्या रस्त्यावर जास्त उजेड हवाच आहे, त्यांना मी वेगळे फॉग लाइट बसवून देतो, पण गाडीचा मॅग्नेटो किती वीज बनवतो आणि त्यातली किती आधीच खर्च होते याचा हिशेब मांडून, आणि झोत खाली ठेवून.

गाडी मूळपदावर आली की दुसरा टप्पा चालवणाऱ्याच्या शरीराचा. इथं पैसे खर्च करायला मी मोकळ्या मनानं सांगतो. गाडी ज्यानं आधी चालवली त्याची उंची, वजन, हाताची लांबी वेगळी होती. मागच्या शॉकअपचा प्रीलोड त्याच्या वजनाला लावलेला असतो. तो बदलायला काहीच खर्च नाही, गाडीच्या टूलकिटमधला आकडा-पान्हा पुरतो. म्हणूनच गाडी घेताना टूलकिट मागून घ्यावं. साठ किलोची मुलगी कडक शॉकअपवर प्रत्येक खड्डा पाठीवर घेते आणि ‘ही गाडीच आपल्यासाठी नाही’ म्हणून विकायला काढते. दोन खाचा सैल केल्या की तीच गाडी तिची होते. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर किंचित खाली फिरवून मनगट सरळ रेषेत आणलं की तासाभरानं येणारी कळ बंद होते. हँडल उंच करणारे रायझर घालायचे तर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकचा पाइप आणि केबल ताणत नाहीत ना, हे आधी बघायचं.

लिव्हरबद्दल एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. बोटांच्या लांबीप्रमाणे अंतर लावता येणारे लिव्हर खरंच उपयोगी, विशेषतः लहान हाताच्या माणसाला. पण बाजारात मिळणाऱ्या अगदी स्वस्त लिव्हरची मापं नेमकी नसतात. ब्रेक लिव्हरचा मागचा भाग मास्टर सिलिंडरच्या दांड्याला जराही दाबून राहिला तर ऑइल परत यायची वाट बंद होते, ब्रेक आपोआप धरून राहतो, डिस्क तापते आणि चाक अचानक जाम होऊ शकतं. ब्रेकलाइटचा स्विचही कधी दबलेलाच राहतो, मग मागच्याला आपण थांबतोय हे कळत नाही. बसवल्यावर चाक उचलून हातानं फिरवून बघितल्याशिवाय मी अशी गाडी बाहेर सोडत नाही.

नेकेड बाइकवर वारा थेट छातीवर येतो. शहरात ते सुखाचं असतं. खंबाटकीच्या पुढं सपाट रस्त्यावर मात्र माणूस नकळत हँडल ओढून धरतो, कारण वारा त्याला मागं लोटतो. खांदे तिथूनच दुखायला लागतात. मीटरवर बसणारी छोटी काच, ज्याला आमच्याकडे सर्रास व्हायझर म्हणतात, ती फक्त छातीवरचा दाब कमी करते आणि तेवढं पुरेसं असतं. फार उंच काच लावली तर वारा नेमका हेल्मेटवर आदळतो.

तिसरा टप्पा पडण्याचा. नेकेड गाडी आडवी झाली की सोसायला फेअरिंग नसतं, थेट इंजिनचं झाकण, रेडिएटर आणि हँडलचं टोक लागतं. म्हणून रेडिएटरची जाळी आणि चांगला क्रॅश गार्ड मी सजावट मानत नाही. मात्र गार्ड कुठं जोडला आहे, हे महत्त्वाचं. लांब स्लायडर एकाच इंजिन बोल्टवर लावला तर पडताना तो तरफेसारखा वागतो आणि झाकण वाचवता वाचवता इंजिनचा केसच चिरतो. गार्डला किमान दोन-तीन ठिकाणी आधार हवा, आणि गाडी पडली तर पाय सुटायला जागा हवी. गाडीच्या गार्डाइतकाच माणसाचा गार्डही यादीत असावा, असं मी आग्रहानं सांगतो. आयएसआय खूण असलेलं हेल्मेट १ जून २०२१ पासून बंधनकारक आहे, पण त्याचा पट्टा घट्ट बसतो का आणि हातमोजे आहेत का, हे कुणी विचारत नाही. सायलेन्सरच्या पैशात चांगलं हेल्मेट, हातमोजे आणि जॅकेट बहुतेक वेळा बसतात. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवतो.

मोबाइल होल्डर आता सगळ्यांना लागतो, आणि डिलिव्हरीचं काम करणाऱ्या मुलांचं तर पोट त्यावर आहे. सिंगल सिलिंडर इंजिनाचा कंप हँडलपर्यंत येतो आणि त्यानं फोनच्या कॅमेऱ्यातलं प्रतिमा स्थिर ठेवणारं यंत्र बिघडू शकतं. अ‍ॅपलनं २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना तशी सूचनाच दिली होती. कंप शोषणारा रबरी आधार घेतला की हे टळतं. चार्जरची वायरही फ्यूजमधून आणि इग्निशननंतर घ्यायची, म्हणजे गाडी उभी असताना बॅटरी संपत नाही.

आता यादीतलं पहिलं नाव, सायलेन्सर. या गोष्टीला मी नाही म्हणतो आणि कारणही देतो. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला उत्पादनाच्या वेळी ८० डेसिबलची मर्यादा आहे. त्या मर्यादेत राहण्यासाठी आणि इंजिनाला हवा-इंधनाचं प्रमाण बरोबर मिळण्यासाठी सायलेन्सर घडवलेला असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद केली. कायदा बाजूला ठेवला तरी माझ्यासाठी खरी गोष्ट ही की, रात्री अकरा वाजता बाळाला झोपवणारी आई त्या आवाजाला नकार देऊ शकत नाही. रस्ता सगळ्यांचा आहे, आणि गाडीचा आनंद दुसऱ्याची झोप मोडून घ्यायचा नसतो.

साडीगार्डचंही तसंच. नेकेड बाइक घेतली की पहिल्यांदा तो काढतात, कारण मागचं चाक उघडं छान दिसतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ मागं बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, पाय ठेवायला आधार आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण सांगतो. आपल्याकडे मागं आई बसते, बायको बसते, बहीण बसते. पदर, ओढणी चाकात जाऊन झालेले अपघात माझ्या भागातल्या लोकांनी पाहिले आहेत. आधीच्या मालकानं काढलेला साडीगार्ड आणि मागचा मडगार्ड नाना पेठेत जाऊन शोधून आणावा लागला, तरी तो मी परत बसवतो. गाडीवर एकट्यानंच फिरणार असं म्हणणाऱ्यालाही मी सांगतो, की आपल्या घरात गाडी कधीच एकट्याची राहत नाही.

सगळं झाल्यावर यादीतल्या उरलेल्या गोष्टी मी आनंदानं करून देतो. टाकीवर गुडघे टेकायला रबरी पॅड, सीटचा नवा रेक्झिन, आवडीच्या रंगाची रिमवरची पट्टी, चांगल्या पकडीच्या ग्रिप. माणसाला आपली गाडी आपल्यासारखी दिसावी असं वाटणं यात काहीही उथळ नाही. दुसऱ्यानं वापरलेली वस्तू आपली करून घेण्याचा तो एक मार्ग आहे, आणि कष्टाच्या पैशातून गाडी घेणाऱ्याला त्याचा पूर्ण हक्क आहे.

गाडी परत देताना मी एक पिशवी हातात देतो. काढलेले मूळ भाग, बदललेल्या प्रत्येक वस्तूचं बिल, आणि एका कागदावर टायर, ब्रेक ऑइल, कूलंट, चेन कधी बदलली याच्या तारखा. बहुतेकांना ते अनावश्यक वाटतं. मी त्यांना सांगतो की तुम्हीही ही गाडी कधीतरी विकाल. तेव्हा एखादी मुलगी, एखादा मुलगा पहिल्या पगारातून साठवलेले पैसे देऊन ती घेईल, आणि तुम्ही आज गाडीशी जसं वागाल त्यावर त्यांचा जीव विसंबून असेल. आधीच्या मालकानं तुमच्यासाठी जे ठेवलं नाही, ते पुढच्यासाठी तुम्ही ठेवा. माझ्या हिशेबानं वापरलेल्या गाडीवर करता येणारं सगळ्यात मोठं अपग्रेड तेच आहे.